भंडारा कोणी उचलायचा

फेट्याचा शेवटचा पेच बसला आणि मच्छिंद्राने मान अशी ताठ केली, जणू आईच्या पोटातून येतानाच तो फेटा बांधून आला होता.

पिंपळगाव रेणुकाईच्या देवळापुढच्या लिंबाखाली आसपासच्या गावांचे धनगर जमले होते. खाली ओढ्याकाठी त्यांची मेंढरं बसवलेली होती. यंदा मेंढरांना जंतांनी बेजार केलं होतं. हगवण, सुजलेले गळे, उठवलं तरी न उठणारी कोकरं. म्हणून धावड्याच्या मच्छिंद्र सलोतऱ्याला मानाने बोलावणं गेलं होतं. सलोतरी म्हणजे जनावरांचा शिकलेला डॉक्टर. पाच वर्षं हैदराबादेत राहून, कॉलेजात शिकून आपण पास झालो असं मच्छिंद्र सांगायचा. अंगात खाकी कोट, हातात काळी चामडी पेटी. एवढं बघितल्यावर आणखी विचारायची कोणाची छाती होती?

देवळाजवळच्या दगडी डोणीत त्याने सकाळीच मोरचूद कालवून ठेवला होता. निळंशार पाणी उन्हात चमकत होतं, शेजारी ते पाजायचं बांबूचं नळकांडं पडलं होतं.

"दवा जालिम हाये," मच्छिंद्र सांगत होता. "पर बिलकुल भ्यायचं न्हाई. कालिजात आमाला हीच शिकवून राह्यले व्हते. चला, जल्दी जल्दी कळप आना."

गर्दीच्या मागे, देवळाच्या पायरीशी रायभान बसला होता. तो आता जालन्याच्या एका जिनिंगमध्ये कापसाचे बोजे वाहायचा. त्याने ते निळं पाणी बघितलं आणि कमरेची पिशवी चाचपली. पिशवी बापाची होती, तिच्यात देवाचा भंडारा, हळद होती, आणि रायभानाच्या पोटात आग होती.

रायभान आणि मच्छिंद्र दोघेही धावड्याचे. भोकरदनच्या शाळेत एकाच तरटावर बसलेले. मौलवी मास्तरांनी सवाल टाकला, की सगळ्यांच्या आधी मच्छिंद्राचा हात वर. उत्तर त्याला एकदाही येत नसे. पण हात एवढ्या रुबाबात वर जायचा, की ह्याला येतंच असं समजून मास्तर दुसऱ्याला विचारायचे. रायभानाला उत्तर यायचं, पण त्याचा हात काही वर जायचा नाही. पुढे रायभान शाळा सोडून कळपामागे गेला आणि मच्छिंद्र हैदराबादेला. तो परतला तो कोट घालूनच. रायभानाचा बाप हरखून गेला. आपल्या जातीतला पोरगा सलोतरी झाला, म्हणून गोपिकाला, रायभानाच्या पाठच्या बहिणीला, त्याने मच्छिंद्राच्या घरी दिलं.

लग्नानंतरच्याच वर्षी सासऱ्याच्या मेंढरांना जंत झाले. जावई हौसेने आला. असंच निळं पाणी, असंच बांबूचं नळकांडं. सूर्य मावळायच्या आत वाड्यातली मेंढरं एकामागून एक आडवी झाली. उभं राहिलं ते एक लंगडं कोकरू, कारण ते कुडाच्या मागे दडून बसलं होतं आणि त्याला पाजायचं राहून गेलं होतं. बाप त्या रिकाम्या वाड्याकडे तोंड करून बसला तो पुन्हा धड उठलाच नाही. पुढच्या पावसाळ्याआधी गेला.

आणि मच्छिंद्र काय म्हणाला? तेराव्याच्या पंगतीत, भाताचा घास हातात घेऊन म्हणाला, "रोगच जबर व्हता. म्या टाइमाला आल्तो म्हनून, न्हाई तर मानसं बी गेली असती."

हे वाक्य रायभान जालन्याला घेऊन गेला. कापसाचा बोजा पाठीवर घेताना ते त्याला आठवायचं. भाकरीचा तुकडा मोडताना आठवायचं. माणूस देवाचं नाव घेत नाही इतक्या वेळा त्याने ते वाक्य मनात घोळवलं.

मग जिनिंगच्या फाटकाशी एक टांगेवाला भेटला. रामकिसन. म्हातारा पूर्वी हैदराबादेत कुणा जहागीरदाराच्या तबेल्यात होता. बोलता बोलता धावड्याचं नाव निघालं आणि तो खो खो हसायला लागला.

"धावड्याचा मच्छिंद्र? अरे, आमी दोघं संगंच घोड्यांना खरारा करायचो! सलोतरी साब आले, की घोड्याचा पाय धरून बसायचं त्याचं काम. साब घोड्याला दवा पाजायचे, ह्यो बघून राह्यचा."

"मंग कालिज?" रायभानाने विचारलं.

"कालिजाची भिंत बाहेरून पाह्यली असंल."

रायभानाच्या डोळ्यांपुढे निळं पाणी उभं राहिलं. घोड्याला पाजायचं ते ह्या भामट्याने मेंढरांना पाजलं होतं. घोडा कुठे, मेंढरू कुठे! एवढी अक्कल बापाच्या कुत्र्यालाही होती.

त्याच दिवशी त्याने ठरवलं. कोरटात जायचं नाही, हाणामारी करायची नाही. भर पंचात मच्छिंद्रापुढे भंडारा धरायचा आणि म्हणायचं, उचल आणि सांग तू शिकलेला सलोतरी आहेस. माणूस कितीही खोटारडा असला तरी खोटा भंडारा उचलत नाही. उचलला तर वंश बुडतो, हे पाळण्यातल्या पोराच्याही कानावर गेलेलं असतं. मच्छिंद्र मागे सरकणार, त्याचा फेटा उतरणार, आणि रायभान तो आपल्या हाताने उतरवणार. या पुढच्या भागाचा विचार करताना त्याला फार बरं वाटायचं. पाठीवरचा बोजासुद्धा हलका व्हायचा.

एक अट तेवढी होती. ज्याला दुसऱ्याकडून भंडारा उचलवायचा असेल, त्याने आधी स्वतः उचलायचा आणि म्हणायचं, माझ्या मनात वैर नाही, मी फक्त खऱ्यासाठी विचारतो. नाहीतर बांधाच्या भांडणापायी जो तो उठून भंडारा आणील, म्हणून वाडवडिलांनी घातलेली अट. रायभानाला ती ठाऊक होती. जालन्याहून पायी येताना ज्वारीच्या रानातून त्याने ते शब्द मोठ्याने म्हणूनही पाहिले होते. "मनात वैर न्हाई." सहज म्हणता आले. रान काही उलटून बोललं नाही.

आता तो पायरीवरून उठला.

"आबा, दवा पाजायच्या आधी मला एक विचारायचं हाये."

आबाराव पंचांतले थोरले. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कोन? रायभान का? कवा आल्तास रे जालन्याहून?"

"आत्ताच. आबा, ह्या मच्छिंद्राला इचारा ह्यो कुटं शिकला. ह्यानं भंडारा उचलून सांगावं, की म्या सलोतरी हाये. मंग खुशाल पाजा."

लिंबाखाली कुजबूज उठली. मच्छिंद्राचा चेहरा क्षणभर उतरला. तो क्षण रायभानाने खडीसाखरेसारखा जिभेवर घोळवला. पण मच्छिंद्र म्हणजे शाळेतला मच्छिंद्र. हात वर करायची सवय जात नाही.

"पाव्हणं," तो हसून म्हणाला, "मेंढरं मेल्यापासून तुमच्या डोक्यावर परिनाम झाला. म्या उचलतो की. पर रीत बराबर झाली पायजे. आधी तुमी उचला."

"रीत खरी हाये," आबाराव म्हणाले. "रायभान, भंडारा कुठला हाये?"

"बापाचा."

आबारावांनी पिशवी घेतली, कपाळाला लावली आणि रायभानाच्या पसरलेल्या तळहातावर भंडाऱ्याची मूठ सोडली. "म्हन. माझ्या मनात वैर न्हाई."

 बायांच्या घोळक्यात गोपिका बसलेली होती. नवऱ्यासाठी पाण्याची चरवी घेऊन आलेली. रायभानाने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने मच्छिंद्राकडे पाहिलं, त्या फेट्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं.

"माझ्या मनात..."

पुढचा शब्द आलाच नाही.

भीती होती का? होती. पण नुसती भीती नव्हती. हातात बापाचा भंडारा होता आणि मनात वैराशिवाय दुसरं काहीही नव्हतं. खरं विचारायचंय, या लोकांची मेंढरं वाचवायचीत, असं स्वतःला सांगायचा त्याने प्रयत्न केला. पण खरं सांगायचं तर या लोकांच्या मेंढरांचं त्याला काही पडलेलं नव्हतं. त्याला मच्छिंद्र मातीत पडलेला बघायचा होता. चार वर्षं तो तेवढ्यावर जगला होता. ते वैर नाही म्हणायचं, तर मग त्याच्याजवळ उरत काय होतं?

"म्हन ना, बाबा," आबाराव म्हणाले.

 रायभानाने भंडारा हळूच पिशवीत परत सोडला.

"वैर हाये, आबा," तो म्हणाला. "मी खोटं न्हाई म्हननार."

"बघा!" मच्छिंद्र ओरडला. त्याचा आवाज सुटकेने चिरकला होता. "समद्यांनी ऐकलं ना? वैरापायी बोलून राह्यला गडी! चला, आना रे पहिलं मेंढरू!"

कोणीतरी हसलं. मच्छिंद्राने नळकांडं डोणीत बुडवून भरलं. दोघा गड्यांनी एका दांडग्या मेंढ्याला शिंगं धरून ओढत आणलं. रायभान तसाच उभा होता, रिकाम्या हाताने. भर शाळेत हात वर न करता आल्याचं दुःख पुन्हा एकदा, इतक्या वर्षांनी.

"आबा, थांबवा."

बायांतून गोपिका उठली होती. तिने चरवी खाली ठेवली, पदर डोक्यावरून नीट ओढला आणि ती सरळ पंचांपुढे आली. धनगरांच्या पंचात बाई अशी पुढे येत नाही. तिने हात पुढे केला.

"मला द्या. म्या उचलते."

"गोपे, मागं हो!" मच्छिंद्र खेकसला.

आबाराव गोंधळले. "पोरी, तुला समजून राह्यलं का काय करतीस ते?"

"समजतंय. द्या."

आबारावांनी तिच्या तळहातावर भंडारा टाकला. गोपिकाचा हात हलला नाही.

"माझ्या मनात वैर न्हाई," ती म्हणाली. "ह्या मानसाचं वाईट व्हावं असं मला वाटत न्हाई. मला ह्यांच्याच घरात जगायचं अन् ह्यांच्याच घरात मरायचं हाये. म्या खऱ्यासाठी बोलते. ह्ये सलोतरी न्हाईत."

पंच एकमेकांकडे बघू लागले.

"घरी माझी एक शेळी हाये," ती पुढे म्हणाली. "तीनदा आजारी पडली. तीनदाबी ह्यांनी दुसऱ्या गावचा वैदू बोलावला. स्वतःच्या शेळीला ह्यांनी कंदी हात लावला न्हाई. माझ्या बापाचा वाडा रिकामा झाला, तवापासून मला ठावं हाये. पर ह्यांनी दवा पाजायचं सोडलं असंल असं वाटलं व्हतं. सकाळी डोणीतलं निळं पानी पाह्यलं, मंग राह्यवलं न्हाई."

मेंढा धरलेल्या गड्यांनी हात सोडले. मेंढा उड्या मारत ओढ्याकडे पळाला.

"मच्छिंद्रा," आबाराव सावकाश म्हणाले, "आता तू उचल."

मच्छिंद्राने पिशवीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. मग नळकांडं त्याच्या हातातून गळून पडलं आणि खाकी कोटावर निळे शिंतोडे उडाले. हात काही पुढे आला नाही.

"फेटा उतरव," आबाराव म्हणाले. "अन् ह्ये पानी लांब खड्ड्यात नेऊन टाका रे कोनीतरी."

रायभानाला हसू आलं. आलं नाही असं कोण म्हणेल? छातीत काहीतरी गरगरीत, गोड असं फुगत वर आलं. हाच तो क्षण, ज्याच्यासाठी तो ज्वारीतून चालत आला होता. तो पुढे सरकलाही. पण मच्छिंद्राची बोटं फेट्याचं टोक शोधत होती, टोक सापडत नव्हतं, आणि रायभान पोचायच्या आत गोपिकाने ते शोधलं. एक मूठ भंडाऱ्यावर मिटलेली, दुसऱ्या हाताने ती नवऱ्याच्या डोक्यावरचा एकेक पेच सोडवत गेली. पोराचं टोपडं काढावं तसा. सगळा फेटा उतरला तेव्हा तिने त्याची घडी केली आणि पंचांपुढे ठेवली. रायभानाचं हसू तिथेच विरलं.

तिने काळी पेटी उचलून डोक्यावर घेतली.

"गोपे," रायभान तिच्यासमोर आला.  "चल माझ्यासंगं. जालन्याला चल. ह्यो आता तुला नांदवनार न्हाई."

गोपिकाने त्याच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते.

"तू उचलला असतास, दादा," ती म्हणाली, "तर मला उचलावा लागला नसता."

एवढंच बोलून ती निघाली.

मच्छिंद्र पुढे, बोडक्या डोक्याने. ती चार पावलं मागे, डोक्यावर पेटी, एक मूठ अजून मिटलेली. गावाकडून ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर उन्हाचा फुफाटा उडत होता. मेंढरांच्या मधून जाताना धनगर बाजूला सरत होते, पण कोणी राम राम घालत नव्हतं. ओढ्याच्या उतारावर मच्छिंद्राचे पाय थांबले. त्याला पुढे जाता येईना, मागे बघता येईना. मग गोपिकाच पुढे झाली, आणि तो तिच्या मागून चालू लागला.

रायभान देवळाच्या पायरीवरून बघत होता. बोडकं डोकं घेऊन माणूस मयताहून परततो, एरवी नाही. त्याचा हात आपोआप आपल्या मुंडाशाकडे गेला. बहिणीच्या नवऱ्याला निदान घरापर्यंत डोकं झाकायला ते देता आलं असतं. ओढा काही लांब नव्हता, धावत गेला असता तर सहज गाठता आलं असतं.

तो बराच वेळ हात मुंडाशावर ठेवून उभा राहिला. पण त्याने ते काढलं नाही.