उजवी की डावी

कळी काही पडेना.

गावदेवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर जास्वंदीची एकेक ओली कळी चिकटवायची आणि हात जोडून उभं राहायचं. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नऊ वर्षं दर चैत्रात मी मूल मागत होते आणि नऊही वेळा डावीच पडली होती. देवीच्या नेमाला माझ्या बाबतीत कधी खंड पडला नाही.

त्या दिवशी मागणं वेगळं होतं. आमच्या कोळीवाड्यातली केसर सकाळपासून अडली होती. पहिलटकरीण. वाड्याची सुईण म्हणजे माझी सासू भागुबाई, ती माघात गेली. पलीकडून नर्सबाईला आणायचं तर खाडीला भरती, आणि होड्या सगळ्या मासेमारीला गेलेल्या. स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली तरी खाडीवर पूल नव्हता. राहिले कोण? सासूच्या मागे गरम पाण्याची घागर घेऊन हिंडलेली मी.

केसरची सासू नीराबाई दारात आडवी उभी राहिली. "जिची कूस उजवली न्हाय तिचा हात लावायचा?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं. मला राग आला, पण खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटत होतं. जाताना सासू माझे हात धरून म्हणाली होती, "तुळशे, हे हात देवीनं कामाला दिलेत, डोळे पुसायला न्हाय." तिला बोलायला काय गेलं! बोलली आणि निघून गेली. मला ती आत्ता हवी होती.

म्हणून मी देवळात धावले. जाऊ की नको, एवढंच विचारलं. दोन्ही कळ्या जागच्या जागी.

"धर्माजीकाका, काय म्हणते ही?" मी गुरवाला विचारलं.

"काय न्हाय म्हनत. कौल धरून ठेवलाय. थांब जरा, पोरी."

"केसर थांबेल का?"

तेवढ्यात तिची किंकाळी देवळापर्यंत आली. मी देवीवर चिडले, चांगलीच चिडले. "नको बोलूस," म्हटलं, "पण बरोबर तरी चल." आणि धावत सुटले.

नीराबाईला बाजूला सारून आत शिरले, तर आधी पाय दिसले. पायाळू! पाय धरून ओढावं आणि एकदाचं सुटावं, असं वाटलं. पण सासू नेहमी बजावायची, पायाळूला ओढायचं नाही, त्याचं ते येतं, मान अडली तरच हात घालायचा. मी हात मांडीवर दाबून धरले. आयुष्यात एवढं कठीण काम मी केलेलं नाही.

"ओढ ना गो!" नीराबाई ओरडत होती.

"न्हाय, काकी."

कंबर आली, खांदे आले. मग मान अडली, तेव्हा हातांना मला काही सांगावं लागलं नाही. मुलगी होती. पाठ चोळली तशी रडली, आणि तिच्यामागून नीराबाई तिच्याहून मोठ्यानं.

पाचवीच्या पूजेला मला बोलावणं आलं. एरवी मूल नसलेलीला अशा दिवशी कोण बोलावतंय! नीराबाईनं माझी ओटी भरली आणि मुलगी मांडीवर दिली. "तुझ्या हातात आलीय, पयली तूच घे." मी तिला उचलून नाकाशी धरली. तिच्या टाळूला तेलाचा वास येत होता. मला माझं हवं होतं. तिला परत देताना तर फारच हवं होतं.

ओटीतला नारळ घेऊन मी देवळात गेले. धर्माजीकाका वाटच बघत होते. "त्या दिशी तू पाठ फिरवलीस नि कळी पडली. सांगू कुठली?"

"नको, काका."

पाच दिवस बिचाऱ्यांनी पोटात ठेवलं होतं, त्यांचं तोंडच उतरलं. तरी चैत्र म्हणून सवयीनं त्यांनी दोन भिजवलेल्या कळ्या माझ्यापुढे केल्या.

मी त्या खांद्यांवर नाही लावल्या. देवीच्या पायांवर ठेवल्या, जिथून पडायला जागाच नाही. "मला मूल अजून हवंय," म्हटलं. "तुला ठाऊक हाय."