बळवंतरावांची पोपटी चणिया-चोळी

"पिल्या? तो आता पलंगावरून हलत नाही, लावा पैज!" बळवंतराव दांडिया बाजारातल्या ओट्यावर उभे राहून इतक्या मोठ्यानं ओरडले, की पानवाला चुना लावायचा विसरला. "अष्टमीपर्यंत त्यानं रोज सूरसागर तलावाला एक फेरी मारली, तर मी चणिया-चोळी घालून गरबा खेळीन. मिशांसकट!"

"आणि नाही मारली तर?" शेजारच्या भास्कररावांनी विचारलं.

"तर चोळी तुम्ही घालायची!"

ओरडायचं कारण एवढंच, की पिलाजीरावांची खिडकी बरोबर डोक्यावर होती.

शाळेपासूनचा हा दोस्त कोयलीच्या रिफायनरीतून रिटायर झाला, डायबिटीस निघाला आणि पार विझला. चालणं बंद, बोलणं बंद, गोळ्या आठवल्या तर. कालच पिलाजीरावांच्या पत्नी विमलवहिनी जिन्यात डोळे पुसत होत्या, "भावजी, डॉक्टर म्हणतात, मन खचलं की साखर चढते, साखर चढली की मन आणखी खचतं. मनाच्या डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी दिलीय, पण हे जातच नाहीत. आता नजरही अंधुक झालीय."

खिडकी करकरली. "बळ्या, मेल्या, माझ्यावर पैज?"

"झोप बाबा! तुला जिना झेपायचा नाही!"

दुसऱ्या दिवशी पिलाजीराव उतरले. सूरसागरपर्यंत शिव्या देत गेले, शिव्या देत आले. बळवंतराव मागून, "दमला रे दमला!"

चौथ्या दिवशी खिडकी उघडलीच नाही. "भास्करराव, चोळीचं माप द्या!" खालून ओरडून पाहिलं. मग बळवंतराव वर गेले, पलंगाशी बसले.

"पिल्या, मला हरव ना रे."

मग उशीतून आवाज आला, "रंग कोणता?"

"तू म्हणशील तो. पण आधी मनाच्या डॉक्टरकडे चल."

"पोपटी."

त्या दिवशीची फेरी डॉक्टरांकडून परतताना भर दुपारी झाली. सकाळीच जायचं असं पैजेत कुठं होतं?

अष्टमीला माताजीची आरती झाली आणि पोपटी चणिया-चोळीतले बळवंतराव गरब्यात शिरले. अख्खी गल्ली पोट धरून बसली. पिलाजीरावांची साखर जरा उतरली होती, मन अजून अधूनमधून दांडी मारायचं. पण आज ते पहिल्या ओळीत उभे राहून टाळ्या पिटत होते.

"बळूबेन, कंबर हलवो ने!"

बळवंतरावांनी जोरात गिरकी घेतली. टर्रकन चोळीची शिवण उसवली.

"पोट बघ मेल्या!" पिलाजीराव किंचाळले. "उद्या सहाला तयार राहा. सूरसागर, माझ्याबरोबर!"

बळवंतरावांनी एका हातानं चोळी धरली आणि दुसऱ्या हातानं टाळी दिली.