विषाणू कुणाच्या खोलीतला?

माझी सून विषाणू वाढवते. हे ऐकलं की माणसं मागे सरकतात. सरकू देत! तो विषाणू माणसाच्या वाटेला जात नाही, फक्त जंतूंना लागतो. इवलासा आणि भराभर वाढणारा, म्हणून जिवाच्या आतलं काम कसं चालतं ते आधी त्याच्यावर ताडून बघतात. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेलीला एवढं कळलं, शेजारणींना अजून नाही.

त्यांच्या प्रयोगशाळेचा एक कडक नियम आहे. विषाणूंच्या खोलीतला ॲप्रन जंतूंच्या खोलीत न्यायचा नाही. परवा सकाळी जंतूंच्या बाटल्या बघतात तर काय, गढूळ असायच्या त्या पाण्यासारख्या नितळ! सगळे जंतू मेलेले. मोठ्या सरांनी चारचौघांत सूनबाईवर खापर फोडलं, "हिचाच निष्काळजीपणा. हिने आता विषाणूंना हात लावायचा नाही."

ती तोंड सुकवून घरी आली. माझा लेक म्हणतो कसा, "माफी मागून टाक, विषय संपव."

"न केलेल्याची माफी? हे कुणी शिकवलं रे तुला?"

"आई, ते मोठे आहेत."

"मोठे असतील त्यांच्या घरी!"

सूनबाई म्हणाली, "आई, प्रत्येक विषाणूचे जंतू ठरलेले असतात. मी वाढवते तो त्या बाटल्यांतल्या जंतूंना लागतच नाही. सर वाढवतात तो लागतो."

मग तिने प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीकरवी त्याच जंतूंच्या थरावर दोन्ही विषाणूंचे थेंब टाकवले. हिच्या थेंबाखाली थर जसाच्या तसा, सरांच्या थेंबाखाली गोल भोक! मग मैत्रिणीलाच आठवलं, आदल्या दिवशी पाहुण्यांना खोल्या दाखवताना सरच विषाणूंच्या खोलीतला ॲप्रन घालून दोन्हीकडे मिरवले होते.

मैत्रिणीने तो थर सरांपुढे ठेवला आणि संध्याकाळी सरांचा फोन आला. "झालं गेलं विसर. उद्यापासून काम सुरू कर. फार बोलू नकोस मात्र."

मी फोन हिसकावला. "आरोप चारचौघांत आणि सुटका कानात? वा रे न्याय!"

"आजी, तुम्हाला यातलं कळणार नाही."

"आजी मी माझ्या नातवाची!"

सूनबाईने फोन परत घेतला. "सर, सगळ्यांसमोर सांगा. तोवर मी त्या खोलीत येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांना जमवलं आणि म्हणाले, "प्रयोगशाळेकडून चूक झाली." प्रयोगशाळेला काय पाय फुटले होते?

सूनबाईने तिथेच विचारलं, "कुणाकडून, सर?"

तेव्हा कुठे "माझ्याकडून" बाहेर पडलं, तेही खोकत खोकत.