लाल टोपण, हिरवं टोपण

प्रेमराजशेठच्या कंपनीत दोनच औषधं बनत. एक जोराचं आणि एक जाळायचं. जोराचं म्हणजे पिकाच्या वाढीचं टॉनिक. जाळायचं म्हणजे तणनाशक. ते बांधावर मारलं की आठवड्यात बांध साफ, आणि चुकून कपाशीवर पडलं की कपाशीही साफ, कारण पीक कोणतं आणि तण कोणतं हे त्या औषधाला कळत नाही. दोन्ही बाटल्यांवर भलीमोठी इंग्रजी नावं छापलेली होती. छापणाऱ्याला ती पाठ असतील तर असोत बापडी. धुळ्यापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत कुणी ती तोंडात घेत नसे. दोन्हींना बाटली एकाच साच्याची, पांढरी. फरक टोपणाचा. जोराचं हिरवं, जाळायचं लाल. गिऱ्हाईक दुकानात येई आणि म्हणे, "एक लाल द्या," किंवा "दोन हिरवं द्या." दुकानदारही कंपनीला फोन करून तसंच मागत. कंपनीच्या पॅकिंग शेडमधल्या फळ्यावर रोजची मागणी लिहिलेली असे, तीसुद्धा लाल इतके बॉक्स, हिरवं इतके बॉक्स अशीच.

दिपमाला जळगावच्या एमआयडीसीतल्या या कंपनीत अकरा वर्षं पॅकिंगला होती. पहिली सहा वर्षं तिने टोपणं लावली आणि पुढे सुपरवायझर झाली. तिचं सासर नशिराबादचं, माहेर शिंदखेड्याकडचं. बोलायला फटकळ, पण कामात तिच्यावर बोट ठेवायला जागा नव्हती. गाडीबरोबर जाणारी मालाची चिठ्ठी तीच आपल्या हाताने लिही. बिल कॉम्प्युटरवर निघे, पण बिल कोण वाचतो? दुकानदार दिपमालाची चिठ्ठी बघून माल कोणत्या फळीवर लावायचा ते ठरवत.

आषाढातल्या एका सकाळी ती पॅकिंगच्या शेडमध्ये आली आणि जागच्या जागी उभी राहिली. टाकीतून तणनाशक बाटल्यांत उतरत होतं, आणि बायका त्यांना हिरवी टोपणं लावत होत्या.

"थांबा! हाई काय चालू शे?" ती ओरडली.

"भूपेंद्रसाहेबनी सांगेल शे," एक बाई म्हणाली.

भूपेंद्र म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजर. धुळ्यात एमएस्सी केलेला, शहाणा, नीटनेटका मुलगा. शेतात पाय मात्र फोटो काढण्यापुरता पडलेला. तो हसत पुढे आला. "लाल टोपणवाल्याचं मशीन बंद पडलंय, दिपमालाताई. तीन दिवस लागतील. धुळ्याची चारशे बॉक्सची मागणी आजची आहे. हिरवी टोपणं गोदामात पोती भरून पडलीत. टोपण ते टोपण, लाल काय आणि हिरवं काय!"

"साहेब, लोकं टोपण बघून घेतात."

"लोकांनी लेबल वाचावं. लेबल बरोबर आहे. विषाचं निशाण आहे, सूचना आहेत, सगळं कायद्यात बसतं."

"कायद्यात बसतं. वावरात बसत नाही."

भूपेंद्रने घड्याळ पाहिलं. "तुमच्या घरच्यांची काळजी वाटत असेल तर त्यांना एक फोन करून टाका. झालं."

आणि दिपमालाने खरंच फोन केला. तिची आई भिकुबाई दरवर्षी पोळ्याच्या आधी कपाशीला दोन हिरवं मारायची. दिपमाला शेडच्या मागे गेली, आईला फोन लावला आणि घाईघाईने म्हणाली, "माय, औंदा हिरवं टोपण लेऊ नको. कोनी दिन्हं तरी लेऊ नको. मी सांगस तव्हय ले."

"बरं व माय," भिकुबाई म्हणाली, आणि कोंबड्यांना हाकलत तिने फोन ठेवला.

दिपमालाला हायसं वाटलं. आपलं वावर वाचलं. ती नळावर हात धुवायला गेली, तिथे वच्छलाबाई उभी होती. वच्छलाबाई पॅकिंगमधली सगळ्यांत जुनी, साठीला टेकलेली.

"वच्छलाबाई, तुम्हना घर कपाशीले काय मारतस?"

"हिरवं टोपण. माले वाचता येत नही, पन टोपण वळखता येस." तिने ओले हात पदराला पुसले. "कसाले इचारी राह्यनी?"

दिपमालाला स्वतःचीच लाज वाटली, अशी की कान गरम झाले. आपल्या आईला फोन केला आणि हात धुवायला आलो! ही बाई चार हातांवर उभी राहून ती टोपणं लावतेय, आणि तिलाही सांगितलं नाही. आणि जे चार हातांवर नाहीत त्यांचं काय? ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण इथे तर जाळणाऱ्यालाही कळत होतं, फक्त त्याने आपलं घर फोन करून बाजूला काढून ठेवलं होतं. तो जाळणारा दुसरा कुणी नाही, आपणच, असं तिच्या मनात आलं आणि मग तिला राग आला. स्वतःचा आला, भूपेंद्रचा आला, त्या नीटनेटक्या लेबलाचाही आला.

ती शेडमध्ये परत गेली. हिरव्या टोपणांचं उघडं पोतं तिने ओढत आणलं, तोंड बांधलं आणि त्यावर बसली.

"हे काय?" भूपेंद्र म्हणाला.

"लाल टोपणं येईपर्यंत बसले."

भूपेंद्रने शेठला बोलावलं. प्रेमराजशेठ काही दुष्ट माणूस नव्हता. दिवाळीला बायकांना साड्या द्यायचा, कुणाच्या घरी मयत झाली तर पहिला पोहोचायचा. पण मागणी अडली की त्याचं डोकं फिरायचं, आणि तणाच्या हंगामात तीन दिवस माल नाही म्हणजे दुकानाच्या फळीवर दुसऱ्या कंपनीची बाटली बसलीच.

"ऊठ," तो म्हणाला.

"शेठ, एक फोन करा. मग उठते."

"कोणाला?"

"तुमच्या शेतावर. हिलालभाऊंना."

हिलाल शेठच्या धुळ्याकडच्या शेताचं बघायचा, वीस वर्षांपासून. शेठने तोंड वाकडं केलं, पण समोर वीस बायका हात थांबवून बघत होत्या. त्याने फोन लावला. दिपमाला म्हणाली, "स्पीकर लावा. हिरवं टोपण आलं तर काय करता, एवढंच विचारा."

"हां शेठ, बोला!" हिलालचा आवाज शेडभर घुमला.

"हिलाल, हिरवं टोपण वनं तं तू काय करस?" शेठने विचारलं.

"काय करस म्हंजे? जोरनं औषध शे ते. कपाशीले मारस. धाडी राह्यनात का? धाडा धाडा, कपाशी पिवयी पडेल शे."

"अरे, बाटलीवर काय लिखेल शे ते वाचस का तू?"

हिलाल मोकळेपणी हसला. "शेठ, वीस वरीसमा कव्हय वाचेल शे?"

शेठने फोन तोंडाजवळ घेतला आणि हळू आवाजात, पण स्पीकर बंद करायला विसरून, म्हणाला, "ध्यान दे. औंदा हिरवं टोपण वनं तं माले इचारानं. इचारेशिवाय थेंबबी मारानं नही. समजनं का?"

"समजनं."

फोन बंद झाला. दिपमाला पोत्यावरून उठली नाही, पण शेठशी आतापर्यंत ती ऑफिसची भाषा बोलत होती, ती तिने सोडून दिली.

"शेठ, मीबी हाईच करं. मन्हा मायले फोन करं आन हात धुवाले गयू. तुम्हना वावरले तुम्हीन फोन करं. बाकीना वावरस्ले फोन कोन करी?"

शेठचं तोंड लाल झालं. "तू मला शिकवू नको! माल तयार आहे तेवढा भरा. दोनशे बॉक्स झालेत ना? रुपचंद गाडी घेऊन उभा आहे. चिठ्ठी लिही."

रुपचंद हा धुळ्याचा ट्रकवाला. तो दाराशी येऊन तंबाखू मळत हा तमाशा बघत होता. दिपमालाने चिठ्ठीचं पुस्तक काढलं, पेनाचं टोपण उघडलं.

"काय लिहू?"

"काय म्हणजे? लाल, दोनशे बॉक्स."

"लाल कुठाय?"

"बरं, मग..." शेठ थांबला. हिरवं लिहिलं तर धुळ्याचा दुकानदार माल थेट टॉनिकच्या फळीवर लावणार, आणि तालुक्यातली कपाशी आठवड्यात काळी. लाल लिहिलं तर चिठ्ठी एक सांगते, माल दुसराच.

"आण इकडे!" त्याने पुस्तक हिसकावलं. स्वतःच्या कंपनीची चिठ्ठी त्याने आजवर कधी लिहिली नव्हती. बाटलीवरचं इंग्रजी नाव बघून बघून एकेक अक्षर त्याने कागदावर उतरवलं, आकडा टाकला, सही ठोकली आणि कागद फाडून रुपचंदच्या हातात दिला.

रुपचंदने तंबाखू तोंडात टाकली, चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली, मग एका बॉक्समधली बाटली बाहेर काढली. हिरव्या टोपणाकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या 'धुळे – लाल ४००' कडे पाहिलं.

"शेठ," तो अगदी साधेपणाने म्हणाला, "पन हाई काय शे? लाल शे का हिरवं?"

कुणी हसलं नाही. वच्छलाबाईने हातमोजे काढले आणि टेबलावर ठेवले. तिच्या शेजारच्या बाईने काढले. मग तिच्या पलीकडच्या. टाकीचा नळ चालूच होता, तो भूपेंद्रने स्वतः जाऊन बंद केला, आणि परत येताना त्याने हातातल्या बाटलीवरचं लेबल पहिल्यांदाच, निरक्षर माणसाने बघावं तसं, बघितलं.

"सांगा ना शेठ," रुपचंद म्हणाला. "धुयाना दुकानदार माले हाईच इचारी. मी काय सांगू?"

प्रेमराजशेठला दोन शब्दांपैकी एक म्हणायचा होता. त्याने रुपचंदच्या हातातली चिठ्ठी परत घेतली.

"गाडी रिकामी ने," तो शेवटी म्हणाला. "दुकानदाराला सांग, तीन दिवस थांब." मग दिपमालाकडे वळून, "आणि तू. ही दोनशे बॉक्सची टोपणं काढ आणि घरी जा. उद्यापासून येऊ नको."

दिपमाला पोत्यावरून उठली. गुडघे दुखत होते, ती हळू उठली. तिने पहिला बॉक्स ओढला, बाटली उचलली आणि हिरवं टोपण पिळून काढलं. वच्छलाबाईने दुसरी बाटली घेतली. मग सगळ्याच बायका बसल्या, आणि टोपणं एकामागून एक पोत्यात पडू लागली.

शेठ दारापर्यंत गेला होता.

"शेठ," दिपमालाने मान वर न करता हाक मारली. "उद्या नही, पन तिसरा दिन मी येसू. लाल टोपण येतीन तव्हय लावाले कोनी तरी लागी ना."