न्हाणीतला प्रवाळ

मी एक प्रवाळ बोलतोय. बोलतोय खरं, पण जे सांगणार आहे ते मला आठवतं की नुसतं ऐकून माहीत आहे, याची खात्री नाही. समुद्र सोडून तीस वर्षं होत आली. गोंदिया जिल्ह्यातल्या एका धानाच्या गावात, न्हाणीच्या कोपऱ्यात बसून समुद्र आठवायचा म्हणजे अवघडच. त्यातून माझं शास्त्र सगळं उसनं. या घरची मुलगी रश्मी शेजारच्या ओसरीत मोठ्यानं वाचून अभ्यास करायची. त्यामुळे माझं शिक्षण एम.एस्सी.पर्यंत झालं, परीक्षा मात्र कोणी घेतली नाही.

दुसरी अडचण 'मी' या शब्दाची. प्रवाळ हा एकटा जीव नसतो. हजारो इवले जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि मिळून चुन्याचं एकच घर बांधतात. अंदमानातल्या एका बेटाच्या उथळ खाडीत, एका काळ्या खडकावर आमचं घर होतं. तिथे 'मी' म्हणायची वेळच येत नसे. आमच्या अंगात बारीक शेवाळ राही, ते उन्हावर अन्न करी आणि आम्हाला देई. आमचा तपकिरी-हिरवा रंगही त्याचाच.

मग वरच्या डोंगरात रस्ता खणला गेला. त्या पावसाळ्यात लाल माती खाली आली. आम्ही अंग झटकत राहिलो, ती पुन्हा बसत राहिली. पाण्यात ऊन उतरेना. शेवाळ उपाशी, आम्ही उपाशी. डोंगराकडच्या अंगाचे आधी गेले. पुढच्या वादळात त्या मेलेल्या अंगाचा एक तुकडा तुटला, तो मी. तुटताना एक पाहिल्यासारखं वाटतं: खडकाच्या पलीकडच्या अंगाला आमच्यातले काही अजून तोंडं उघडून होते. पाहिलं, की पाहावंसं वाटलं? आम्हाला डोळे नसतात, म्हणून शंका येते.

मला उचललं शालिकरामनं. तो त्याच रस्त्यावर मजूर होता. पांढराशुभ्र म्हणून मी त्याला आवडलो. आम्ही गेल्यावर उरलेला रंग तो. पण त्याला कसं कळावं? दुपट्ट्यात गुंडाळून त्यानं मला घरी आणलं.

त्याची बायको रुक्माबाई म्हणाली, "एवढ्या दुरून आले आन आणलं का, तं गोटा!"

"समुद्राचा आहे."

"आपल्या इथं गोट्यायची कमी होती का?"

काही दिवस मी बुद्धाच्या फोटोखालच्या फळीवर होतो. मग रोवणे लागले. रुक्माबाई दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून धान रोवून आली, न्हाणीत बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचलून टाचा घासायला लागली. तेव्हापासून मी टाचांचा गोटा. ज्या चिखलानं मेलो, तोच काढायचं काम मिळालं. तक्रार नाही. तिचा हात उबदार होता, आणि दुसरं कोणी मला हात लावतच नव्हतं.

रश्मी शिकली आणि अंदमानातच समुद्राच्या कामाला लागली. पहिल्या सुट्टीत आली, पाय धुवायला बसली आणि ओरडलीच.

"आई, यानं टाचा घासून राहिली का तू?"

"मंग का त्याले बाशिंग बांधू?"

"आई वो, जनावर होतं हे!"

"जनावर? मंग इतके वर्षं चावलं काऊन नाही?"

खाटेवरून शालिकराम हसला. रश्मीनं त्याला विचारलं, हे कुठून आणलं. "त्या रस्त्याच्या पुलियाच्या खालून," तो म्हणाला. "मोठा काळा खडक आहे तिथं, म्हशीसारखा बसलेला."

रश्मीनं तो खडक ओळखला. तिच्या कामाची खाडी तीच होती. ती सांगू लागली, तिच्या ऑफिसात माणसं मोजकी. आधी एकच काम हाती घेता येणार होतं. एक तर पाण्यात राखण करायची, बोटी आणि जाळी थांबवायची. नाही तर डोंगराचा उघडा उतार बांधायचा. प्रवाळ समुद्रात आहेत तर सुरुवात समुद्रातच, असं साहेबांचं मत होतं. तिचं मत त्यांनी मागितलं होतं.

"बाबा, डोंगराचा तो कटाव मंग झाकला होता का?"

"कायचा झाकते? पावसाच्या आधी ठेकेदार निघून गेला." आणि पुढे म्हणाला, "पण रस्ता पाहिजे होता बाई. बाळंतिणीले बोटीनं दवाखान्यात नेत होते."

"रस्त्याले कोण नाही म्हणते, बाबा?"

तिनं मला ताटलीवर आपटलं. छिद्रांतून माती पडली. "पाहा, हेच ते माती!"

रुक्माबाई वाकून म्हणाली, "अवं, ते आपल्या बांधीची आहे. माह्या टाचायची."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मला ओरडून सांगायचं होतं, आधी डोंगर! आणि लगेच भीती वाटली. समुद्र तापला तरी शेवाळ सोडून जातं, हे रश्मीनंच वाचलेलं. डोंगर बांधेपर्यंत उरलेसुरले बोटींच्या नांगराखाली गेले तर? आणि पलीकडे कोणी उरलंच नसेल, तर हे सगळं कोणासाठी?

संध्याकाळी ती अंगणात फोनवर बोलत होती. "सर, पहले पहाड़. मिट्टी रुकेगी तभी बचाने को कुछ बचेगा."

जाताना तिनं आईला बजावलं, याला आता घासू नको. मला न्हाणीच्या भिंतीवरच्या कोनाड्यात ठेवलं. मान मिळाला, हात सुटला. पुढे शालिकराम वारला. शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याकडे गेलं. घरात रुक्माबाई एक आणि मी एक. कित्येक दिवस तिला कोणाशी बोलताना ऐकलं नाही. एकदा तिनं मला खाली काढलं, "चाल रे गोट्या" म्हणाली आणि हळूच टाच घासली. रश्मीला हे सांगू नका.

तुम्हाला मात्र एक विनवणी आहे. समुद्र तुमच्यापासून दूर असेल, माझ्यापासूनही आहे. पण उतार कुठलाही असो, खणलात तर उघडा टाकून जाऊ नका. गवत लावा, दगड रचा. खाली कोण राहतं ते वरून दिसत नाही.

गेल्या हिवाळ्यात रश्मीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी रुक्माबाईच्या हातातच होतो. तिनं मला घाईनं पदराखाली लपवलं.

"आई, तो म्हशीसारखा खडक. दिसून राहिला का?"

"दिसून राहिला. त्याच्यावर का आहे ते, तपकिरी?"

"तुह्या गोट्याचे घरचे. गोटा तुटला ते खूण अजून आहे. तिच्या पलीकडचे मेलेच नव्हते. उतार बांधल्यावर पाणी निवळलं, तं आता इकडं पसरून राहिले. मी स्वतः दोनदा पाण्यात उतरून पाह्यलं."

रुक्माबाईनं मला पदराखालून काढलं आणि फोनसमोर धरलं.

म्हणजे तुटताना पाहिलं ते खरं होतं. पलीकडच्या अंगाला आम्ही होतो. आम्ही आहोत.