यल्लाप्पाअण्णांनी नको म्हटलेला कप

मी कप बोलतोय. चहाचा नव्हे हं, बक्षिसाचा. आतून पितळ, वरून चांदीचा मुलामा, खाली काळं लाकडी बूड आणि दोन्ही बाजूंना कान. पोटावर कोरलंय, ‘उत्तम खेळाडू, १९६०’. त्याच्याखाली नावासाठी जागा सोडली होती. ती अजून कोरीच आहे, आणि ती का कोरी आहे हे मला इतक्या वर्षांत नीट उमगलेलं नाही. तुम्हाला उमगलं तर बघा.

बंगळूरच्या मार्केटजवळच्या एका भांडीवाल्याकडे मी घडलो. तिथून मला रत्नाकर नावाच्या इंजिनियरांनी आणलं. ते पुण्याचे, सरकारी कारखान्यात नोकरीला. दर जानेवारीत इथली मराठी मंडळी आपसांत क्रिकेटचा सामना खेळत. एका बाजूला पुण्या-मुंबईहून नोकरीसाठी आलेले कारखानेवाले, दुसऱ्या बाजूला चामराजपेटेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले पेटवाले. त्या वर्षी पहिल्यांदाच उत्तम खेळाडूला कप द्यायचं ठरलं, आणि सामन्यापर्यंत मी रत्नाकरांच्या घरी रेडिओशेजारी मुक्कामाला राहिलो.

काय ती बडबड! डिसेंबरात आपण कानपूरला ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं, त्यामुळे रोज संध्याकाळी मंडळी जमायची आणि तीच कसोटी पहिल्या चेंडूपासून पुन्हा खेळायची. खेळपट्टी कशी होती, ऑफस्पिन कसा वळला, कोण घाबरला. रत्नाकरांचं म्हणणं ठरलेलं असे: क्रिकेट हा मनाचा खेळ. फलंदाज पॅडची पट्टी कशी आवळतो यावरून त्याच्या मनात काय चाललंय ते मी सांगतो, म्हणायचे. मला ते फार हुशार वाटत.

त्या घोळक्यात पेटेतले यल्लाप्पाअण्णा असायचे. मूळ निपाणीकडचे, पोस्टात कारकून, केस पिकलेले, आणि टाकायचे ऑफस्पिनच. कानपूरनंतर त्यांचा भाव जरा वधारला होता. ते फारसं बोलत नसत. माझ्याकडे मात्र बघत. एकदा खोलीत कुणी नव्हतं, तेव्हा त्यांनी मला उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि होतो तिथे अगदी तस्संच ठेवलं. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन रत्नाकरांच्या बायकोला, हेमलताबाईंना, सहज विचारल्यासारखं विचारलं, की असल्या भांड्याला चिंच लावली तर मुलामा जातो का. त्या म्हणाल्या, जातो, नुसत्या रांगोळीने हलक्या हाताने घासावं. अण्णांनी मान डोलावली. गुडघे दुखतात, यंदाचा सामना शेवटचा, असंही सांगून गेले.

आता सांगा, ज्याला कप नको असतो तो घासायचं कशाला विचारेल?

सामन्यात अण्णांनी कमाल केली. कारखानेवाले आरामात जिंकत होते. नंदकिशोर नावाचा त्यांचा तरणाबांड फलंदाज खेळपट्टीवर ठाण मांडून बसला होता. अण्णांनी आधी त्याला चकवलं, मग पाठोपाठ बाकीच्यांना गुंडाळलं. पेटवाले जिंकले. कप कुणाचा, यावर वादच नव्हता. हरलेलेसुद्धा म्हणाले, अण्णांचाच.

मंडपात रत्नाकरांनी मला दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, “यल्लाप्पाअण्णा, या. हा कप तुमचा.”

अण्णा उठले. पुढे आले. आणि हसून म्हणाले, “मला कशाला हो? पोरांना द्या की.”

मी चक्रावलोच! पुढे कळलं, की अण्णांच्या घरची ती रीतच आहे. समोर आलेल्या चांगल्या गोष्टीला आधी नको म्हणायचं, देणाऱ्याने आग्रह करायचा, पुन्हा नको म्हणायचं, पुन्हा आग्रह, आणि मग संकोचाने हात पुढे करायचा. पहिल्याच हाकेला घेतलं तर माणूस हावरा दिसतो. पण हे रत्नाकरांच्या गावीही नव्हतं. त्यांना वाटलं, केवढं मोठं मन! त्यांचे डोळे खरंच भरून आले. अण्णांच्या शब्दाचा मान राखायचा म्हणून त्यांनी मला तिथल्या तिथे नंदकिशोरच्या हातात दिलं.

टाळ्या पडल्या. अण्णांनीही वाजवल्या. त्यांचा उजवा हात तोवर थोडा पुढे आला होता, तो त्यांनी टाळीसाठी वापरला. हे माझ्याशिवाय फक्त हेमलताबाईंनी पाहिलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, पुन्हा विचारायचं होतं.” रत्नाकर म्हणाले, “ते स्वतः नको म्हणाले ना? मग नको म्हणजे नको.”

त्यानंतर अण्णा रेडिओ ऐकायला यायचे बंद झाले. बोलावणं गेलं की कानडी वळणाचा निरोप यायचा, स्वल्प काम आहे, म्हणजे थोडं काम आहे. मंडळी चर्चा करत बसली. रत्नाकरांनी निदान केलं, की वय झाल्याची भीती अण्णांच्या मनात बसलीय, मनाचाच खेळ हा. पुढे दिल्ली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केले, तेव्हा तो कुणाला मिळावा यावर केवढे वाद रंगले! मला आपली भलतीच शंका, की तिथे कुणी भिडेखातर नको म्हणालं तर काय करत असतील?

नंदकिशोरने मला कधी मिरवलं नाही, नावही कोरलं नाही. बदली झाली तेव्हा तो मला रत्नाकरांकडे परत देऊन गेला, म्हणाला, “हा माझा नव्हताच. अण्णांनाही ठाऊक आहे, मलाही.” त्या दिवशी हेमलताबाईंनी चिंच-रांगोळीची सगळी हकिकत नवऱ्याला ऐकवली, अण्णांच्या घरची रीतही समजावली.

मग रत्नाकर मला पिशवीत घालून चामराजपेटेत गेले. तोवर सदुसष्ट साल उजाडलं होतं. अण्णा निवृत्त होऊन निपाणीला निघाले होते, घरात ट्रंका बांधलेल्या. रत्नाकर या खेपेला तयारीने आले होते. म्हणाले, कप घ्या. अण्णा म्हणाले, नको. पुन्हा म्हणाले. पुन्हा नको. तिसऱ्यांदा त्यांनी मला सरळ अण्णांच्या हातातच ठेवलं. मी म्हटलं, सुटलो बाबा एकदाचा.

अण्णांनी मला फिरवून पाहिलं, कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला.

“त्या दिवशी अजून एकदा म्हणाला असता तर घेतला असता, साहेब,” ते म्हणाले. “मी उभा होतो की तिथं. आता खरंच नको.”

आणि त्यांनी मला परत दिलं. रागावून नव्हे, अगदी हसून. अण्णांच्या बायकोने, गंगव्वाबाईंनी, कॉफी आणली. दोघं कॉफी प्याले, कुणी कानपूरचं नाव काढलं नाही.

मंडपातलं नको आणि हे नको. आवाज तोच, हसूही तेच. एक खोटं आणि एक खरं, हे कशावरून ओळखायचं? मी आज रत्नाकरांच्या कपाटात वरच्या खणात आहे, मुलामा काळवंडत चाललाय, आणि अजून माझा गोंधळ मिटलेला नाही. रत्नाकर आता मनाच्या खेळाबद्दल बोलत नाहीत.

तुम्हाला एवढंच विनवतो. माझ्यासारखं काही कुणाला द्यायचं असेल ना, तर त्याला चारचौघांत विचारू नका. त्याच दिवशी त्याच्या हातात ठेवा आणि आपले हात काढून घ्या.