शिंदखेड्यात काँप्युटरशी घासाघीस

तोताराम सरांचा काँप्युटर धुळ्याहून शिंदखेड्याला एसटीनं आला, गोधडीत गुंडाळून, सरांच्या मांडीवर. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं. त्र्याण्णव सालची गोष्ट. खोटी वाटली तर कंडक्टरला विचारा.

सर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. दोन वर्षं खपून त्यांनी त्या डब्यात एक गाव वसवलं होतं. गावात एक शाळा, हजार पोरं आणि तंबाखूच्या पुड्यांची टपरी. टपरी जवळ-लांब सरकवली की किती पोरं तंबाखूला लागतील, ते काँप्युटर सांगायचा. एका उत्तराला इतका वेळ लागे की तेवढ्यात चहा उकळून, पिऊन, कप विसळून व्हायचे. पण उत्तर पक्कं होतं. टपरी दीडशे पावलांवर गेली की पोरं मधल्या सुट्टीत जाऊन परत येऊ शकत नाहीत, आणि निम्मी वाचतात. दीडशेच्या आत कुठंही ठेवा, फरक शून्य.

तालुक्यातल्या शाळांजवळच्या टपऱ्या किती लांब हटवायच्या, हे समिती त्या दिवशी ठरवणार होती. एकदा ठरलं की पाच वर्षं बदल नाही. अध्यक्ष रुपचंद आबा, जन्मभर बैलांचा व्यापार केलेला माणूस.

"दीडशे? पन्नास करा, सर."

"आबा, हे मी नाही, काँप्युटर म्हणतो."

"मंग त्याले इचारा. पन्नासले देस का?"

सरांनी पन्नास टाकले. चहा आला, गेला. फरक शून्य.

"ताठ गडी शे!" आबा खूश झाले. "साठ!"

"अहो, हा काही बैल नाही! साठ पावलांवर पोरगं पळत जातं, पुडी घेतं, घंटेच्या आत वर्गात बसतं. दीडशेच्या खाली काहीच होत नाही!"

"इकणारा बठ्ठा, एकूण एक, असंच सांगतस." आबांनी खांद्यावरचं उपरणं सरांच्या हातावर टाकलं आणि त्याखाली, बैलबाजारात गुपचूप भाव सांगताना दाबतात तशी, सरांची बोटं दाबली. "ऐंशी. कोणाले सांगू नका."

"सर, लाजू नका," वखारवाले जहांगीरभाई म्हणाले. ते समितीचे सभासद. "तुम्हीपण दाबा."

शंभर. एकशे वीस. दर वेळी शून्य, आणि दर शून्याबरोबर समितीची खात्री वाढत चालली की यंत्र अडून बसलंय. काँप्युटर एवढा तापला की कुंदाबाई शिपाईणीनं त्यावर पापड भाजले.

शेवटी आबांनी मांडीवर थाप मारली. "एकशे चाळीस. आमचं बी राहिलं, तुमचं बी. लिहा."

सरांच्या डोळ्यांपुढे ती हजार पोरं धापा टाकत घंटेच्या शेवटच्या ठोक्याला वर्गात शिरली. दहा पावलांसाठी सगळं बुडत होतं. समजावून तर घसा बसला होता. त्यांनी काँप्युटर गोधडीत गुंडाळला, दारापर्यंत नेला, आणि तिथून वळून दाणकन टेबलावर आपटला.

"तीनशे!"

"काय?"

"आता तो तीनशे म्हणतो. फार दमवलंत त्याला." आकड्यांबाबत सर आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. कान लाल झाले.

आबा ताडकन उठले. "दीडशे तुमनाच शब्द शे, सर! बठ्ठास्नी ऐकेल शे. आते फिरानं नई!"

"तीनशे."

"दीडशे! एक पाऊल जास्त नई! लिहा रे, लवकर लिहा, याचं मन फिरायच्या आत!"

लिहिलं गेलं. सह्या झाल्या. आबांनी कपाळाचा घाम पुसला. "दखा जहांगीरभाई, अर्ध्यावर आणलं!"

सरांना ओरडावंसं वाटलं. दोन वर्षं राबून वसवलेल्या त्या गावाकडे एकानंही नीट पाहिलं नव्हतं.

आबांनी चंची सोडली, तंबाखूला चुना लावला, ती मळली आणि चिमूट सरांपुढे धरली. बैलबाजारात सौदा असाच पक्का होतो.

"मी खात नाही, आबा."

आबांचा चेहरा उतरला. हात सही झालेल्या कागदाकडे गेला. "मंग सौदा मोडी टाकू का?"

सरांनी चिमूट घेतली, गालात धरली, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना 'छान, छान' म्हणून मान हलवत राहिले.